तोड्याच्या बंदुकीचा जोहरदार सरंजाम

जुन्या घराण्यांच्या दप्तरांत शस्त्रांच्या याद्या वारंवार आढळतात. तलवार, पट्टा, कट्यार, भाला, ढाल हीं नांवें वाचकास सहज लागतात, बंदुकेचेंहि लागतें. अडचण पडते ती बंदुकेच्या मागून येणाऱ्या बारीकसारीक जिनसांची. गज, सुई, साचा, तोडा, रंजकदान, शिंग असे शब्द एकामागून एक येतात, त्यांना पोलादी, रुपेरी, मुलाम्याचें, जोहरदार अशीं विशेषणें लागलेलीं असतात, आणि नक्कलकार त्यांतील निम्म्यांवर प्रश्नचिन्ह घालून पुढें जातो. आम्हींहि आजवर असेंच केलें. त्याचा परिणाम काय झाला हें सांगण्यासाठीं आणि या जिनसा कोणत्या, त्या कशा घडवीत, त्यांचें जोहर म्हणजे काय, याचा थोडा खुलासा करण्यासाठीं हा लेख लिहीत आहों.

पुण्यांतील एका जुन्या घराण्याचा मोडी कागद आमच्याकडे वाचावयास आला होता. कागदावर मिति नाहीं. अक्षराच्या वळणावरून तो उत्तर पेशवाईंतला असावा असें आमचें अनुमान आहे. त्यांत घरांतील शस्त्रांची मोजदाद असून बंदुकेच्या खालीं एका रंजकदानाची नोंद आहे. रंजकदानाला जोडलेलें विशेषण आम्हीं त्या वेळीं ‘जवाहीरदार’ असें वाचलें आणि खालीं टीप दिली कीं, सदर जिन्नस रत्नजडित असावा. घराण्यांत तें रंजकदान आजहि आहे. तें आम्हांस दाखविण्यांत आलें, तेव्हां त्यावर एकहि खडा नव्हता व खडा बसविण्याचें घरहि नव्हतें. साधें, गुळगुळीत, आरशासारखें चकचकीत पोलाद. आम्हीं असें बोलून गेलों कीं, खडे केव्हां तरी काढून घेतले गेले असावेत.

हें बोलणें आम्हांस फार महाग पडलें असें नाहीं, पण त्या घरास पडलें. दोन पिढ्यांपूर्वी वांटणी होतांना कांहीं जिनसा धाकट्या पातीकडे राहून मागाहून थोरलीकडे परत आल्या होत्या, त्यांत हें रंजकदान होतें. विझत आलेल्या संशयास आमच्या एका टीपेनें पुन्हा वारा मिळाला. इतिहासाच्या अभ्यासकानें टीप लिहितांना ती कोणाच्या घरांत वाचली जाणार आहे, हें ध्यानांत ठेवीत जावें, इतकाच बोध यांतून घेण्याजोगा असता तर हा लेख लिहिण्याचें कारण नव्हतें. पण टीप चुकीची होती.

प्रथम शब्दाचा विचार करूं. फारसी ‘गोहर’ म्हणजे रत्न, मोतीं, तसेंच मूळ द्रव्य, जात, सत्त्व. अरबींत त्याचें ‘जौहर’ झालें आणि अरबी रीतीनें त्याचें अनेकवचन ‘जवाहिर’ झालें. मराठींत दोन्हीं रूपें आलीं, परंतु त्यांचे अर्थ निराळ्या वाटांनीं गेले. जवाहीर म्हणजे जडजवाहीर. जौहर, जोहर किंवा जव्हर म्हणजे उत्तम पोलादाच्या अंगीं दिसणारी लहरींसारखी, पाण्यावरील तरंगांसारखी रेघ. तलवारीचें मोल करतांना तिचें जोहर पाहत. सत्त्व या अर्थाशींच हा अर्थ जुळतो, कारण हें चित्र वरून काढलेलें नसून धातूच्या पोटांतलें असतें. मोडींत ऱ्हस्वदीर्घाचा भेद नाहीं, काना घाईच्या लेखनांत अर्धवट राहतो, आणि शब्द तोडून लिहिण्याची चाल नाहीं. अशा ठिकाणीं ‘जवहर’ आणि ‘जवाहीर’ यांतला निवाडा अक्षरावरून होत नाहीं. वस्तूवरून करावा लागतो. आणि वस्तु तर आमच्यासमोर साधी होती.

असाच घोटाळा दुसऱ्या एका शब्दाविषयीं पूर्वीं झालेला आहे. अठरा कारखान्यांच्या यादींतील ‘जिरातखाना’ पाहून नवखा वाचक शेतीच्या जिरायतीकडे धांव घेतो. तो शब्द ‘जिरह’ म्हणजे चिलखत यापासून आला असून त्याचा अर्थ शस्त्रागार असा आहे. ‘शिलेखाना’ यांतहि शिळेचा कांहीं संबंध नाहीं. अरबी ‘सिलाह’ म्हणजे शस्त्र. रघुनाथपंडितांच्या राज्यव्यवहारकोशांत शस्त्रवर्ग म्हणून एक स्वतंत्र वर्ग आहे, यावरून शस्त्रांची यावनी परिभाषा दरबारी लेखनांत किती मुरली होती तें दिसतें. पण कोश शस्त्राचें नांव देतो, शस्त्राच्या पुरवणीचें क्वचित् देतो.

आतां ही पुरवणी कोणती तें पाहूं. ठासणीची बंदूक म्हणजे तोंडाकडून दारू व गोळी भरून गजानें ठासावयाची बंदूक. तिच्यांत तोड्याची, चकमकीची आणि मागाहून केपाची असे प्रकार झाले. आपल्याकडे तोड्याची बंदूक फार काळ टिकली. चकमकीची बंदूक पलटणींत व गारद्यांत रुळल्यावरहि शिकारी, किल्ल्यावरील लोक आणि गांवचे रखवालदार तोडाच वापरीत. कारण उघड आहे. तिला गारगोटी लागत नाहीं, तिचा चाप साधा, आणि मोडला तर गांवचा लोहार तो दुरुस्त करूं शकतो. नळीच्या मुळाशीं उजव्या अंगास एक बारीक छिद्र असतें, त्यास कान म्हणतात. शत्रूच्या तोफा निकामी करण्यासाठीं ‘कानांत खिळे मारणें’ हा प्रयोग बखरींच्या वाचकांस ठाऊकच आहे. कानाशेजारीं एक लहानशी वाटी. त्या वाटींत रंजक घालावयाची, चाप ओढतांच तोड्याचें जळतें टोंक तीवर झुकतें, रंजक पेटते, तिची ज्वाळा कानांतून आंत जाऊन मुख्य दारू पेटवते.

रंजक म्हणजे बारीक कुटलेली दारू. नळींत भरावयाची दारू तिच्याहून जाड दाण्याची. म्हणून शिपायाजवळ दोन पात्रें असत. एक मोठें, बहुधा शिंगाचें, चामड्याचें किंवा लाकडाचें. दुसरें लहान, तेंच रंजकदान. शिवाय कानांत सांचलेली काजळी काढण्यासाठीं एक अणकुचीदार सुई, ती सांखळीनें बंदुकेस किंवा कमरपट्ट्यास बांधलेली. शिशाच्या गोळ्या ओतण्याचा चिमट्यासारखा साचा. तोडा पेटविण्यासाठीं गारगोटी आणि तिच्यावर मारावयाचें पोलादी चकमकीचें कडें. ठासण्याचा गज. आणि तोडा स्वतः, म्हणजे सोऱ्याच्या पाण्यांत भिजवून वाळविलेली सुताची दोरी. गारद्यांचें तोसदान निराळें. तें काडतुसें ठेवण्याचें चामडी पात्र असून त्याचा काल तोड्याच्या सरंजामाच्या मागाहूनचा आहे.

या सर्वांत रंजकदान हें मानाचें. ज्याला दाखवावयाचें आहे तो तें पोलादाचें करवीत असे. वस्तुतः दारूजवळ लोखंड असूं नये हा जुना नियम आहे. दगडावर आपटून ठिणगी उडाली तर काय होईल हें सांगावयास नको. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रांत किल्ल्यावरील दारूची कोठी कोठें असावी व दारूस ऊन कसें द्यावें याची बारीक ताकीद आहे, ती वाचली म्हणजे त्या काळीं या पदार्थाचें भय किती होतें तें कळतें. शिंग, लांकूड, पितळ हींच दारूचीं खरीं भांडीं. तेव्हां पोलादी रंजकदान ही कामाहून शोभेची वस्तु. स्वारींत बाळगावी, शिकारींत मिरवावी, नजराण्यांत द्यावी. आणि शोभेची म्हणूनच तिच्यासाठीं जोहरदार पोलाद निवडीत.

जोहरदार पोलाद दोन जातींचें असतें. या दोहोंतील भेद न समजल्यामुळें संग्राहकांत जितका गोंधळ झाला आहे तितका दुसऱ्या कशानें झाला नसेल.

पहिली जात मुशींतल्या पोलादाची. घडीव लोखंडाचे तुकडे मातीच्या लहान मुशींत घालून, वर वनस्पति ठेवून, तोंड मातीनें लिंपून भट्टींत ठेवावयाचें. दक्षिणेकडील भट्ट्यांत तरवडाचें लांकूड आणि रुईचीं पानें घालीत असें तेव्हांच्या पाहणाऱ्यांनीं लिहून ठेविलें आहे. वनस्पतीचा कोळसा लोखंडांत शिरतो, लोखंड वितळतें, आणि मूस हळूहळू निवूं दिली म्हणजे तळाशीं पोलादाचा एक लहान गोटा मिळतो. त्यांत कार्बनाचें प्रमाण शेंकडा सुमारें दीडपर्यंत असतें. याच्या व्यापाराचें एक मोठें ठाणें तेलंगणांत निजामाबाद जिल्ह्यांतील कोनासमुद्रम् हें होतें. तो जिल्हा आपल्या नांदेडास लागूनच आहे. डॉ. व्हॉयसी यांनीं तेथील भट्ट्यांचें प्रत्यक्ष पाहून केलेलें वर्णन बंगालच्या एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकांत इ. स. १८३२ मध्यें छापलें गेलें. व्हॉयसी १८२४ मध्येंच वारले होते. इराणचे व्यापारी तेथें स्वतः येऊन माल घेत असल्याचें त्यांनीं नमूद केलें आहे. ज्या तलवारींना लोक दमास्कसच्या किंवा खोरासानी म्हणतात त्यांतील पुष्कळांचें पोलाद असें दक्षिणेंतून गेलेलें होतें.

विलायतेस या पोलादाची ओळख मुंबईवरून झाली. मुंबईचे डॉ. स्कॉट यांनीं सर जोसेफ बँक्स यांस याचे नमुने धाडले आणि जॉर्ज पीअर्सन यांनीं १७९५ मध्यें रॉयल सोसायटीपुढें त्यांवर निबंध वाचला. त्या निबंधाच्या मथळ्यांतच हें पोलाद मुंबईस तयार होतें असें म्हटलें आहे! माल ज्या बंदरांतून आला तेंच त्याचें जन्मस्थान, ही समजूत इतक्या थोर सभेंतहि चालून गेली. पुढें फॅरडे यांनींहि या पोलादाच्या रहस्यावर स्टोडार्ट यांच्याबरोबर प्रयोग केले. रहस्य उलगडावयास मात्र विसाव्या शतकाची अखेर यावी लागली. अमेरिकेंतील व्हरहोवेन हे धातुशास्त्रज्ञ व पेंड्रे हे लोहार यांनीं मिळून असें दाखविलें कीं, लोखंडांत व्हॅनेडियमसारख्या धातूंचा अत्यल्प अंश असला म्हणजे, आणि पोलाद पुनःपुन्हा मंद तापवून ठोकलें म्हणजे, कार्बनयुक्त कठीण कण ओळींनीं जमतात. आम्लाचा हात फिरवितांच त्या ओळी पांढऱ्या उमटतात व मधली जमीन काळवंडते. तो अंश ज्या खाणींतील दगडांत नाहीं तिच्या लोखंडास कुशल कारागिरानेंहि जोहर येत नाहीं. यांची पूर्ण मांडणी १९९८ मध्यें प्रसिद्ध झाली.

दुसरी जात पिळाची. यांत लोखंड व पोलाद यांच्या पट्ट्या एकावर एक ठेवून तापवून जोडतात, त्यांची कांब ओढतात, कांबेस पीळ देतात आणि ती पुन्हा ठोकून चपटी करतात. नळ्यांचें जोहर बहुधा या जातीचें असतें. याचें कारण कारागिरीच्या पोटांत आहे. मुशीच्या पोलादांत कार्बन इतका कीं तें फार तापविलें तर हातोड्याखालीं चुरा होतें. आणि नळीसाठीं पट्टी गुंडाळून तिच्या कडा जोडावयाच्या तर पांढरा ताप लागतो. ऐने-अकबरींत बंदुकेच्या नळ्यांची कृति दिली आहे. पूर्वीं लोखंडाची पट्टी वळवून कडेला कड भिडवीत. अशा नळ्यांनीं अपघात होत. अकबराच्या कारखान्यांत पट्टी तिरपी गुंडाळून वेटोळ्याची कड वेटोळ्यावर चढेल अशा बेतानें जोडूं लागले. बैलानें फिरणाऱ्या एका चाकावर सोळा नळ्या एकदम साफ करण्याच्या यंत्राचेंहि तेथें वर्णन आहे. तिरप्या गुंडाळीचा गुण असा कीं, दारूचा जोर सांध्यावर सरळ येत नाहीं. चांगल्या नळीवर जें नागमोडी चित्र दिसतें तें प्रथम या मजबुतीचें चिन्ह आहे, शोभा मागाहून.

सरंजामाच्या जिनसांस दारूचा जोर सोसावयाचा नसतो. म्हणून त्यांना मुशीचें पोलादहि चालतें आणि पिळाचेंहि. कोठल्या जिनसेस कोठलें, हें ती जिन्नस पाहूनच ठरवावें लागतें. आमच्यापुढील प्रश्न इतकाच होता कीं, त्या चकचकीत रंजकदानास यांपैकीं कांहीं होतें किंवा नाहीं.

पुस्तकांवरून हें ज्ञान पुरें होईना, म्हणून आम्हीं एका लोहारास गांठलें. पुण्यांत भट्टी पेटती ठेवणारे लोहार आतां थोडे उरले आहेत. हे गृहस्थ मुख्यत्वें पहारी, कुऱ्हाडी व दगडफोड्यांच्या छिन्न्यांस पाणी देण्याचें काम करतात. त्यांना जोहर हा शब्द ठाऊक नव्हता, पण ‘पीळ देणें’ म्हणतांच त्यांनीं मान डोलविली. रंजकदानाचें एक झांकण आणि कानाची एक सुई एवढें करून द्यावें असें ठरलें. लोखंड पाहिजे तें जुन्या रीतीनें घडलेलें, आजचें गिरणीचें नव्हे. पाडलेल्या एका वाड्याच्या खिडकीचे गज आमच्या संग्रहीं होते. बंदुकेच्या सरंजामांत गज हा शब्द दुसऱ्याच अर्थानें येतो, आणि येथें गजाचाच सरंजाम होत होता, याची मौज वाटली. पोलादासाठीं त्यांनीं आपली एक झिजलेली मोठी कानस काढली.

पहिला प्रयत्न फसला. तीन पट्ट्या लोखंडाच्या व दोन कानशीच्या, तारेनें बांधून, टांकणखार शिंपडून भट्टींत घातल्या. जोडाचा ताप येईपर्यंत थांबले आणि कडेच्या पोलादांतून ठिणग्या फुलबाजीसारख्या उडाल्या. जळालें, असें म्हणून त्यांनीं तो तुकडा पाण्यांत न बुडवितां बाजूस टाकला. लोखंडास जोडावयास जो ताप हवा तो पोलादास सोसत नाहीं, एवढीच ही साधी अडचण, पण तिच्यावरच साऱ्या कलेची उभारणी आहे. दुसऱ्या खेपेस त्यांनीं लोखंड बाहेरच्या अंगास ठेवलें, पोलाद आंत झांकलें, आणि ताप पिंवळट पांढरा होतांच, ठिणगी उडण्यापूर्वीं, हलक्या व जलद ठोक्यांनीं जोड घेतला. मग कांब ओढून चौकोनी केली, तिचे दोन तुकडे केले, एकास उजवा व एकास डावा पीळ दिला, दोन्ही शेजारीं ठेवून पुन्हा जोडले व पत्रा ठोकला. सुईसाठीं एकाच पिळाची बारीक काडी ओढली.

त्यापुढचें काम कानशीचें. येथें एक गोष्ट आमच्या ध्यानांत आली ती पुस्तकांत वाचून कधींच आली नसती. पिळलेल्या कांबेचा वरचा थर घासला म्हणजे तिरप्या रेघा दिसतात. दोन उलट पीळ शेजारीं असल्यानें त्या रेघा कणसाच्या दाण्यांसारख्या समोरासमोर जुळतात. परंतु घासत कांबेच्या मध्याकडे गेलें कीं त्याच रेघा वळून गोल फुलांसारख्या होतात. म्हणजे एकाच पत्र्याच्या पोटांत निरनिराळीं चित्रें असतात आणि कारागीर कानस कोठें थांबवितो यावर कोणतें दिसेल तें अवलंबून. शेवटीं कुरुंदाच्या बारीक भुकटीनें घोटून हिराकसाचें कोमट पाणी फडक्यानें फिरविलें. कांहीं क्षण कांहींच दिसेना. मग पोलाद काळवंडूं लागलें, लोखंड राखी राहिलें, आणि पीळ उमटला. लोहार स्वतःच्या हातचें काम पाहून हंसूं लागले.

हें झांकण आणि सुई घेऊन आम्हीं पुन्हा त्या घरीं गेलों. रंजकदान पुढें ठेवलें. तें शिंगासारखें बांकदार, वितीहून कांहीं कमी लांब, दोन अर्धीं एकत्र जोडून केलेलें आहे. तोंडाशीं एक दांडी, दांडीच्या टोंकास टोपण, आणि दांडीखालीं कमान, ती दाबली म्हणजे टोपण उचलतें व हात सोडतांच आपोआप बसतें. पाठीस लटकविण्याच्या दोन कड्या. चकाकी कशी आली याची चौकशी केली तेव्हां कळलें कीं, दर खंडेनवमीस घरांतील शस्त्रें चिंच व विटकरीच्या भुग्यानें घांसण्याचा परिपाठ होता, आणि कांहीं वर्षांपूर्वीं एकदां सर्व शस्त्रें विजेच्या चाकावर घोटून घेण्यांत आलीं. चाकानें पोलादाचा वरचा थर लेपासारखा पसरतो आणि खालील चित्र झांकून टाकतो.

चाक जेथें पोंचत नाहीं अशी जागा त्यावर एकच होती. दांडीच्या खालची, कमानीच्या मुळाजवळची. घरच्या मंडळींच्या परवानगीनें खिळा काढून दांडी सोडविली. खालीं बोटाच्या पेराएवढ्या जागेंत, वर्षानुवर्षें झिरपून राहिलेल्या चिंचेच्या पाण्यानें जें हिराकसानें करावयाचें तें करून ठेविलें होतें. करड्या जमिनीवर पांढऱ्या बारीक रेघा, एकमेकींत शिरणाऱ्या, तुटणाऱ्या, पुन्हा सुरू होणाऱ्या. वाऱ्यानें तळ्याच्या पाण्यावर उठतात तशा. आमच्या झांकणाचा कणसासारखा पीळ शेजारीं धरून पाहिला. दोहोंत कांहींएक साम्य नाहीं. कोठें जोडाची सरळ रेघ नाहीं, कोठें आवृत्ति नाहीं. दांडीच्या कडेवर रेघ वरच्या तोंडावरून बाजूस उतरलेली भिंगांतून स्पष्ट दिसली. तें मुशीचें पोलाद होतें. कागद खरा होता. शब्द ‘जोहरदार’ असा वाचावयाचा होता. त्या रंजकदानावर खडे कधींच नव्हते.

संग्राहकांनीं यांतून घेण्याजोग्या दोनचार गोष्टी सांगतों. जोहर अंगभूत असल्यामुळें तें घासण्यानें मरत नाहीं, केवळ झांकलें जातें. अग्नीनें मात्र मरतें. म्हणून मोडलेल्या जुन्या जिनसेस झाळ देण्यासाठीं भट्टींत घालणें हें चाकावर घोटण्यापेक्षां शतपट वाईट. मात्र घोटण्यानें कडा गोल होतात, लेख पुसतो आणि कोफ्तगरीचें सोनें उडून जातें, तें परत येत नाहीं. कोफ्तगरीसाठीं पोलादावर आडव्याउभ्या बारीक रेघा पाडून त्यांत सोन्याची तार ठोकीत, त्यामुळें तिच्याखालीं जोहर शोधूं नये. कोऱ्या जागेंत शोधावें. कड्यांच्या आंत, टोपणाच्या पोटांत, खिळ्याच्या टोपीखालीं, बंदुकेच्या बाजूच्या पट्ट्या काढल्यास त्यांच्या मागच्या अंगास, अशा जागीं प्रथम पाहावें. आणि आम्लाची बाटली घेऊन स्वतः प्रयोग करूं नये.

नकली जोहर ओळखण्याची कसोटी एकच सांगावयाची तर ती कडेची. वरून आम्लानें काढलेलें चित्र कडेपाशीं संपतें, खरें कडेवरून पलीकडे जातें. अलीकडे बाजारांत ‘दमास्कस’ म्हणून जें पत्र्यासारखें पोलाद मिळतें तें पिळाचें किंवा थरांचें असून त्यांतील पुष्कळांत निकेलयुक्त थर असतात, ते रुप्यासारखे पांढरे राहून काळ्या थरांशीं डोळ्यांत भरेल असा विरोध दाखवितात. जुन्या पिळाचा रंग इतका बोलका नसतो. राखेंत राख मिसळावी तसा तो असतो. त्या नव्या पोलादाचीं रंजकदानें जुनीं म्हणून विकलीं जातात. नवें काम नवें म्हणून विकलें तर त्यांत दोष नाहीं. आमच्या लोहारानें केलेल्या झांकणाच्या आंतल्या बाजूस आम्हीं सालाचा आंकडा कोरवून घेतला आहे, तो याचसाठीं.

हें रंजकदान पुण्यांत घडलें काय, असा प्रश्न आम्हांस विचारण्यांत आला. पोलाद येथलें नव्हे एवढें म्हणतां येईल. महाबळेश्वरच्या जांभ्यांतून लोखंड गाळणारे धावड एकोणिसाव्या शतकापर्यंत होते, परंतु त्यांचें लोखंड भट्टींतून गोळा होऊन निघणारें, मुशीचें नव्हे. मुशीचा गोटा बाजारांत विकत मिळे आणि गांवोगांवचा कारागीर त्यापासून जिन्नस करी. तेव्हां पोलादाचें गांव व जिनसेचें गांव एकच असण्याचें कारण नाहीं. घाटावर जुन्या मराठींत उत्तम पोलादास गजवेल म्हणत. याद्यांत गजवेल व जोहरदार हे दोन शब्द एकाच अर्थानें येतात कीं भिन्न, हें ज्यांच्याजवळ अशा याद्या असतील त्यांनीं ताडून पाहावें. आकाराच्या साम्यावरून गांव ठरविण्याची घाई आम्ही करीत नाहीं. एकदां घाई करून पाहिली आहे.

अशा वस्तु घरोघर किती आहेत याची मोजदाद कोणीं केलेली नाहीं. इ. स. १८७८ च्या शस्त्रकायद्यानंतर परवाना ठेवणें ज्यांस जमलें नाहीं त्यांनीं बंदुका सोडून दिल्या. पण रंजकदान, साचा, सुई यांकडे कोणाचें लक्ष गेलें नाहीं, म्हणून बंदूक नसलेल्या घरांतहि या जिनसा फडताळांत सांपडतात. अत्तराची डबी, काजळाची डबी, हळदीकुंकवाचा करंडा, असे त्यांचे नवे धर्म झालेले आम्हीं पाहिले आहेत. शंभर वर्षांहून जुन्या वस्तूंस १९७२ चा पुराणवस्तूंचा कायदा लागू होतो, त्यामुळें त्या परदेशीं धाडतां येत नाहींत व परवान्यावांचून त्यांचा व्यापार करतां येत नाहीं, हेंहि येथें नमूद करून ठेवतों. ज्यांस या जिनसा प्रत्यक्ष पाहावयाच्या असतील त्यांनीं पुण्यांतील राजा दिनकर केळकर संग्रहालयांत व मुंबईच्या छत्रपति शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयांत शस्त्रांची दालनें सावकाश पाहावीं. बंदुकांकडे नव्हे, बंदुकांच्या पायाशीं ठेवलेल्या बारीक वस्तूंकडे.

दांडी पुन्हा बसवून खिळा ठोकतांना थोरल्या पातीच्या गृहस्थांनीं विचारलें, सबंध रंजकदानावर हिराकस फिरवून जोहर उठवावें काय? आम्हीं तूर्त नको म्हटलें. जाणत्या हाताशिवाय तें करूं नये, आणि जोहर आंत आहे, तें कोठें जात नाहीं. मोडी कागदाच्या नकलेवरील आमची टीप आम्हीं स्वतःच्या हातानें खोडून खालीं नवें वाचन लिहून दिलें. त्या दिवशीं धाकट्या पातीचेहि दोघे बोलावणें करून आणले होते. दांडी सुटली असतां त्यांनींहि भिंगांतून तें पाहिलें, आणि आमच्या लोहाराची सुई हातांत घेऊन बराच वेळ तिचा पीळ न्याहाळीत बसले.